शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तरांच्या उजव्या पायाबद्दल आधी सांगायला हवं. कारण या गोष्टीत जे घडलं ते, आणि त्याआधी अकरा वर्षं जे घडलं नाही तेही, सगळं त्या पायाचं काम.

मास्तर गाडी शिकवायचे. गाडी छोटीशी, पांढरी, टपावर ‘शिकाऊ’ अशी लाल पाटी. आत शेजारच्या सीटपुढे, मास्तरांच्या पायाशी, एक जादा ब्रेक. शिकणारा चुकला की शिकवणाऱ्याने दाबायचा. वीस वर्षं दाबून दाबून त्या पायाला इतकी सवय झाली होती की तो डोक्याला विचारायचाही नाही. समोर मांजर आलं, दाब ब्रेक. मांजर येईलसं वाटलं, दाब ब्रेक. वीस वर्षांत त्या गाडीला कुणा शिष्याच्या हातून साधा ओरखडा पडला नव्हता, ही मास्तरांची शान. आणि वीस वर्षांत पहिल्या फटक्यात परीक्षा पास झालेले शिष्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हे त्यांचं दुखणं. “माझ्या गाडीत लोण्यासारखी चालवतात हो! परीक्षेच्या मैदानात गेलं की काय होतं कोण जाणे!” असं म्हणून ते कपाळाला हात लावायचे.

घरीही तेच. टीव्हीवर कुणाची गाडी वळणावर आली की मास्तरांचा पाय टेबलाखाली फरशीवर रुतलेला. पोरगी जिन्यावरून धडाधडा उतरली की रुतलेला. बायको नुसती म्हणाली, “अहो, एक बोलायचं होतं,” की बिचारी फरशी गेलीच. त्यांच्या जेवणाच्या खुर्चीसमोरच्या फरशीला चक्क तडा गेला होता. घर भाड्याचं. घरमालक महिन्याला एकदा यायचा, त्या तड्याकडे बघून सुस्कारा सोडायचा आणि अनामत रकमेतून कापून घेईन म्हणायचा.

घर तरी कसलं, दोन खोल्या! फ्रिजचं दार उघडायचं तर आधी न्हाणीघराचं दार लावावं लागे. सकाळी कुणी आंघोळीला गेलं आणि दार किलकिलं ठेवलं, की बाकीच्यांना दूध मिळायचं नाही.

अकरा वर्षांपूर्वी, पोरगी रांगत होती तेव्हा, नवरा-बायकोने ठरवलं की आता आपलं घर घ्यायचं. पहिलं घर पाहिलं ते टेकडीवर. बायकोला आवडलं, खिशाला झेपत होतं, मालक हसतमुख. सगळं जुळलेलं. मालकाने किंमत सांगितली आणि मास्तरांचा पाय खाली दाबला गेला. “विचार करून सांगतो,” मास्तर म्हणाले. बाहेर आल्यावर बायकोला समजावलं, “बाजार सध्या फार चढलाय. जरा थांबू, उतरेल.”

बाजार कसला उतरतोय! वर्षभरात टेकडीवरचे भाव असे चढले की खालून बघायचं तर मान मोडावी. मग मास्तरांनी नदीकाठी बघितलं. “विचार करून सांगतो.” तेही गेलं. मग बस आगाराच्या मागे, मग बंद पडलेल्या गिरणीपाशी, मग मालगाडीच्या रुळांलगत, जिथे मालगाडी गेली की कपबशा आपोआप टेबलाच्या कडेला यायच्या. तिथलेही भाव वाढले. दर वर्षी मास्तर गेल्या वर्षीच्या भावात घर शोधायचे, आणि दर वर्षी गेल्या वर्षीच्या घरासाठी हळहळायचे. माणूस वाईट नव्हता हो. नुसता घाबरट होता, आणि घाबरटपणाला ते सावधपणा म्हणायचे.

घरं बघायला वेगळा वेळ कुठून काढणार? म्हणून ते तासातच बघायचे. शिष्य गाडी चालवतोय, मास्तर शेजारी बसून खिडकीबाहेर नजर लावून आहेत. ‘विकणे आहे’ अशी पाटी दिसली रे दिसली, की, “डावीकडे घ्या! इंडिकेटर द्या. हळू. आता इथे मागे घेऊन लावायचा सराव करा, मी आलोच.” आणि हे गेले वर घर बघायला. शिष्य बिचारा खाली मागे-पुढे, मागे-पुढे. चढावर गाडी उचलायला मास्तर टेकडीवरच का नेतात आणि अरुंद गल्लीचा धडा रुळांलगतच का होतो, हे शिष्यांना लवकरच कळायचं. सहा महिन्यांत परवाना मिळो न मिळो, कुठल्या वस्तीत कितीला खोली आहे, कुठे पाण्याची बोंब आहे आणि कुठल्या इमारतीची लिफ्ट नुसती शोभेला आहे, हे मात्र प्रत्येकाला पाठ. एका शिष्याने तर गाडीचा नाद सोडला आणि घरांची दलाली सुरू केली. मास्तरांपेक्षा बरा कमावतो आता.

बायको दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलाशी, पेशंटची नावं लिहून घ्यायला, बसायची. दिवसभर भेदरलेली माणसं बघायची तिला सवय. खुर्चीत बसायच्या आधीच कण्हणारी, दाराशी येऊन परत जाणारी, ‘आज जरा कमी दुखतंय, पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणारी. तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. “थोडं दुखेल, पण सुटाल.” त्यावर निम्मी माणसं खुर्चीत जाऊन बसायची. घरी नवऱ्याला मात्र ती हे अकरा वर्षांत कधी म्हणाली नव्हती. दवाखान्यातलं घरी आणायचं नाही, असा तिचा नियम.

आणि एक दिवस घरमालक आला तो फरशीकडे बघायलासुद्धा थांबला नाही. म्हणाला, घर विकलं. चांगला भाव आला. दोन महिन्यांत खाली करा.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. भाड्यासाठी विचारावं तर भाडीही दुप्पट झालेली. घ्यावं तर शहरात त्यांच्या पैशात आता बहुतेक गाडीच लावता आली असती, आणि तीही जरा तिरकी. राहिला एकच मार्ग, शहराबाहेर, दोन तासांवर, जिथे नवीन इमारती नुसत्याच माळावर उभ्या होत्या. तिथे गेलं तर बायकोचा दवाखाना सुटणार, पोरीची शाळा सुटणार. आणि माळावर गाडी शिकायला येणार कोण? समोर आडवं यायला तिथे मांजरसुद्धा नाही.

आता बाई. बाई म्हणजे मास्तरांच्या वयाने सगळ्यात मोठ्या शिष्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. वय विचारलं की “तुम्ही क्लचकडे लक्ष द्या,” म्हणून उलट मास्तरांनाच दटावायच्या. शहराच्या ऐन मध्यावर त्यांचं जुनं घर होतं. सगळे नातेवाईक मागे लागले होते, विका आता, सोन्याचा भाव आलाय, कुठेतरी शांत ठिकाणी जाऊन राहा. बाई म्हणायच्या, “शांत ठिकाणी मी मेल्यावर जाईनच की. तोवर मला गाडी चालवायचीय.” पाच वेळा परीक्षा दिली होती, पाच वेळा नापास. सहाव्यांदा फॉर्म भरला होता. हिंमत म्हणाल तर अशी.

एका सकाळी मास्तर म्हणाले, “डावीकडे घ्या.” आणि बाईंनी उजवीकडे घेतलं.

“बाई! डावीकडे!”

“डावीकडची सगळी घरं तुमची बघून झालीत, सर. मी सहा महिने शिकतेय तुमच्याकडे, तेवढं कळतं मला.”

उजवीकडचा रस्ता चढत चढत शेवटच्या बसथांब्याच्या मागे गेला आणि एका बोळात संपला. समोर एक बैठं घर. अंगणात एक म्हातारा सुतार लाकडाच्या फळीवर ब्रशने अक्षरं रंगवत बसला होता. ‘विक’ एवढंच लिहून झालं होतं. मास्तरांचा पाय तर दाबलेला होताच. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते पाटीच्या आधी पोचले होते.

रविवारी मास्तरांनी सगळ्यांना नेलं. अडीच खोल्या, वर गच्ची, मागे सुताराची कामाची पडवी. बस चाळीस मिनिटांत थेट दवाखान्याशी. सुतारकाका त्यांच्या बहिणीकडे राहायला जाणार होते. दोघंच उरलोय, भांडायला सोबत, असं म्हणाले. प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी त्यांनी स्वतः केलेली. बायकोने स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज कुठे ठेवता येईल ते बघितलं आणि हवेतच त्याचं दार उघडून बघितलं. सताड उघडलं. तिने ते तीन वेळा उघडलं.

बारा वर्षांच्या लेकीची एकच अट होती. “मला आपटायला एक दार हवं.” भाड्याच्या घरातली दारं फुगलेली, आपटायला जावं तर मध्येच अडकायची, आणि अडकलेल्या दारासमोर माणूस किती वेळ रागावून उभा राहणार?

सुतारकाका म्हणाले, “हे घे. आपट.”

तिने दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून आपटलं. दार निम्म्यात आल्यावर आपोआप हळू झालं आणि मऊपणे टेकलं. तिने परत आपटलं. परत तेच.

“बाबा,” ती आतून ओरडली, “या दाराशी भांडताच येत नाही!” आणि हसायलाच लागली.

मग सुतारकाकांनी किंमत सांगितली. झेपणारी होती. जेमतेम, दम कोंडून, पण झेपणारी. बायकोने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. तिने खाली बघितलं. पाय दाबलेला.

“विचार करून सांगतो,” मास्तर म्हणाले.

“करा,” सुतारकाका म्हणाले. “गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत करा. पाच वाजता दुसरे लोक टोकन घेऊन येणार आहेत. तुम्ही आधी आलात, म्हणून आधी तुमचा हक्क. मला घर विकायचंय, खेळ मांडायचा नाही.”

परतताना बसथांब्यावर बायको काहीच बोलली नाही. ती रागावली की भांडी बोलायची, कपाटं बोलायची, पण थांब्यावर ना भांडी होती ना कपाटं. शेवटी तीच म्हणाली, “मी दमलेय हो. घरं बघून नाही. तुम्ही प्रत्येक घरात ‘विचार करून सांगतो’ म्हणता ना, ते ऐकून दमलेय.”

सोमवार विचारात गेला, मंगळवार विचारात गेला. बुधवारी मास्तरांनी विचार करायचा की नाही याचाच विचार केला. गुरुवारी चार वाजता ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नदीच्या पुलाजवळ, बाईंना मागे घेऊन गाडी लावायला शिकवत होते. हेही मुद्दामच. इतक्या लांब असलं की ठरवायची वेळच येत नाही.

फोन वाजला. बायकोचा आवाज बाईंपर्यंत सहज येत होता.

“मी सुतारकाकांच्या घरी बसलेय. दवाखान्यातून लवकर निघाले. चेक आणलाय, माझी सही झालीय. खातं दोघांचं आहे, तुमची सही लागेल. यायचं तर या. नाही आलात तर सामान बांधून माळावर जाऊ, मी काही बोलणार नाही. पण नाही म्हणायचं तर इथे येऊन, माझ्याकडे बघून म्हणा.”

फोन बंद. मास्तरांचा पाय ब्रेकवर. गाडी उभीच होती तरी.

“चला, सर,” बाई म्हणाल्या.

“तास संपायला अजून वेळ आहे,” मास्तर म्हणाले. “वीस वर्षांत मी कुणाचा तास मध्येच सोडलेला नाही. नियम म्हणजे नियम.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या आणि पहिला गिअर टाकला. “मग तास त्या रस्त्याने घेऊ. कुठल्या रस्त्याने घ्यायचा, याचा काही नियम आहे का? नकाशा माझ्या डोक्यात आहे. तुम्ही फक्त चुका सांगा.”

आणि निघाल्या की हो! पण निघाल्या म्हणजे काय, मास्तर कुठे निघू देतायत? सिग्नल लांबवर दिसला, ब्रेक. दुधाची गाडी वळणार होती, बहुतेक, ब्रेक. एक आजोबा फुटपाथवर रस्त्याकडे तोंड करून उभे होते, ब्रेक. गाडी दर दहा पावलांवर गचका खायची, मागचे भोंगे वाजवायचे, बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा. साडेचार वाजले तरी अजून बंद गिरणीसुद्धा आली नव्हती.

बाईंनी शांतपणे इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं.

“सर, मी पाच वेळा का नापास झाले, माहीत आहे?”

“घाबरता तुम्ही. परीक्षकाला बघून.”

“मी? दहावीच्या वर्गावर तीस वर्षं काढलीत मी. ऐका. परीक्षेला तुमच्या सीटवर परीक्षक बसतो. समोर अडथळा येतो. मी वाट बघते. कारण सहा महिने रोज, माझा पाय निघायच्या आत तुमचा पाय पोचलेला असतो. मला ब्रेक दाबायची सवयच लागलेली नाही! तिथे तो परीक्षक ढिम्म वहीत लिहीत बसतो, आणि मी सरळ जाऊन त्या रंगवलेल्या पिंपाला धडकते. पाच वेळा, सर. तेच पिंप.”

वीस वर्षांचे शिष्य त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. बेकरीवाला, नर्सबाई, तो दोन वेळा लग्न मोडलेला कारकून, सगळे, सगळे गुणी, लोण्यासारखी गाडी चालवणारे, आणि सगळे त्या पिंपाला धडकलेले. आणि त्यांच्या मागे टेकडी, नदीकाठ, आगार, गिरणी आणि रूळ.

“बूट काढा,” बाई म्हणाल्या.

“अं?”

“बूट काढा आणि सीटवर मांडी घालून बसा. काही झालंच तर हँडब्रेक तुमच्या हाताशी आहे. काढा!”

हा आवाज वर्गातला होता. मास्तरांनी मुकाट्याने दार उघडलं, बूट काढले, आणि घरात शिरताना काढतो तसे दाराबाहेर नीट जोडून ठेवले. मग दार लावून त्यांनी मांडी घातली. गाडी निघाली. बूट तिथेच, फुटपाथच्या कडेला, शेजारी-शेजारी उभे.

पुढच्या वीस मिनिटांचं काय सांगू! पहिल्यांदा एक कुत्रं आडवं आलं. मास्तरांचा पाय मांडीतल्या मांडीत तडफडला, त्यांनी डोळे गच्च मिटले, “बाई!” म्हणून किंचाळले. गाडी थांबली. त्यांनी डोळे उघडले. कुत्रं शेपूट हलवत पलीकडे गेलं होतं.

“मी दाबला,” बाई म्हणाल्या. त्यांचाच त्यांच्यावर विश्वास बसत नव्हता. “सर, मी दाबला!”

मग बस आली, बाईंनी दाबला. सायकलवाला आला, बाईंनी दाबला. जिथे काहीच नव्हतं तिथे कुणीच दाबला नाही, आणि गाडी काय सुंदर पळाली! गिरणी गेली, आगार गेलं. चौकात वाहतूक पोलिसाने आत वाकून बघितलं. टपावर लाल पाटी, स्टिअरिंगशी पिकल्या केसांच्या बाई, आणि शेजारी मोज्यांवर मांडी घालून बसलेला एक माणूस, दोन्ही हातांनी स्वतःचीच पावलं धरून. पोलीस बघतच राहिला. मास्तरांनी त्याला मान लववून नमस्कार केला, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बाईही हसत होत्या. “हसू नका, सर, माझं लक्ष जातंय! चढ आलाय!” आणि चढावर अर्ध्या क्लचवर गाडी अशी उचलली की मास्तरांनी मांडीवर थाप मारली.

पाचला चार मिनिटं कमी असताना गाडी बोळात शिरली. दुसरे लोक आधीच आले होते, बाहेर त्यांच्या गाडीत बसून घड्याळ बघत होते. मास्तर मोज्यांवरच अंगणातून पळत सुटले, मागोमाग बाई.

आत खुर्च्या नव्हत्या, सामान आधीच बहिणीकडे गेलेलं. जमिनीवर सतरंजी, त्यावर सुतारकाका आणि बायको. मध्ये चेक. मास्तर धापा टाकत बसले. मांडी घालूनच, दुसरं करणार काय?

“बूट कुठायत?” बायको म्हणाली.

“दाराबाहेर काढले,” मास्तर म्हणाले. खोटं नव्हतं ते.

सुतारकाकांनी घसा साफ केला. “सही करायच्या आधी एक सांगायचं राहिलंय. लपवून विकलं तर मला झोप लागायची नाही. स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्यात छत गळतं. मी तीन वेळा दुरुस्त केलं. तरी गळतं.”

बायकोने डोळे मिटून घेतले. झालं, संपलं, तिला वाटलं. गळणाऱ्या छतासमोर तिच्या नवऱ्याचं काय टिकणार? मग तिने डोळे उघडले आणि सवयीने खाली बघितलं.

उजवा पाय डाव्या मांडीखाली अडकलेला होता. अंगठा एकदा वळवळला. दाबायला खाली काहीच नव्हतं.

मास्तर कोपऱ्याकडे बघत होते. घशाशी आलेलं ‘विचार करून’ त्यांनी गिळलं. ते गिळताना बायकोला दिसलं.

“तिथे बादली मावेल,” ते म्हणाले. “पेन द्या.”

सही करताना बायकोने कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला. सही झाली. आणि बायको रडायलाच लागली, हसत हसत, सुतारकाकांसमोर, बाईंसमोर, कशाचीही लाज न धरता. “दुखलं?” तिने विचारलं.

“थोडं.”

“सुटलात,” ती म्हणाली. दवाखान्यातलं वाक्य पहिल्यांदाच घरी आलं, तेही नव्या घरी.

मग मास्तर उठायला गेले आणि आडवे झाले, कारण दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. बूट आणायला गेले तेव्हा अंधारून आलं होतं. होते तिथेच, नीट जोडलेले. कुणीतरी त्यांच्याजवळ आणखी एक जोडी काढून ठेवली होती, कशासाठी ते देव जाणे.

जुनं घर सोडताना घरमालकाने तडकलेल्या फरशीचे पैसे खरोखरच कापले. बायको म्हणाली, पैसे दिलेत ना, मग फरशी आमची, आणि ती उखडून घेऊन आली. आता ती गळक्या कोपऱ्यात बादलीखाली आहे. जाता जाता सुतारकाकांनी मास्तरांसाठी एक छोटा लाकडी पाट करून दिला, गाडीत ब्रेकसमोर ठेवायला. पाय त्या पाटावर. खरोखर गरज पडली तर पाटावरून पाय उचलून पुढे न्यावा लागतो, आणि तेवढ्या वेळात शिकणाऱ्याचा पाय पोचतो. गाडीला वीस वर्षांत पहिल्यांदा ओरखडे पडले, तीन. आणि त्या महिन्यात सहापैकी पाच शिष्य पास झाले.

बाईही झाल्या. पिंपाच्या हातभर अलीकडे गाडी थांबवली आणि परीक्षकाला विचारलं, “काय लिहिलंत?”

परवाना हातात आला त्या दिवशी बाई त्याच पांढऱ्या गाडीतून मास्तरांच्या सगळ्या घराला फिरायला घेऊन गेल्या. शेजारच्या सीटवर लेक. मास्तर आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर, बायकोशेजारी. मागे ब्रेक नसतो. एका वळणावर ट्रक समोर आला आणि मास्तरांच्या पायाने तरी एकदा खालची चटई दाबून बघितली. बायकोने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाईंनी ब्रेक दाबला, ट्रक गेला.

टेकडी लागली. लेकीने एका दारावरची पाटी मोठ्याने वाचली, ‘विकणे आहे’, आणि खालचा आकडाही वाचला. तो ऐकून सगळे एकदम खो-खो हसत सुटले. मास्तर सगळ्यात जास्त.

पुढे चौक आला. बाईंनी सवयीने आरशातून मागे बघितलं. “कुठे घेऊ, सर? डावीकडे?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “आता घरी.”